राणीछाप रुपया: पारख आणि निगा

महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत देव्हाऱ्याच्या खणात, नाहीतर कपाटाच्या आतल्या कप्प्यात चार-दोन चांदीचे रुपये निघतात. कुणाच्या पणजीच्या आहेरातले, कुणा आजोबांनी गाठीला बांधून ठेवलेले, तर काही केवळ दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला बाहेर येणारे. कुणी त्यांना राणीछाप म्हणतं, कुणी कलदार, कुणी बंदा रुपया. त्यांच्याबद्दल घरोघरी दोन समजुती पक्क्या असतात. जितकं नाणं जुनं तितकं ते मोलाचं, ही पहिली. जितकं चकचकीत तितकं चांगलं, ही दुसरी. पहिलीपायी माणूस फसतो. दुसरीपायी नाण्याचं जे नुकसान होतं, ते मात्र कुठल्याही उपायाने भरून निघत नाही.

नाणी ओळखणं आणि नाणी सांभाळणं ही दोन वेगळी शास्त्रं नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: टांकसाळीतून निघताना नाण्याला मिळालेला मूळ पृष्ठभाग. तो कसा तयार होतो आणि कसा बिघडतो हे ज्याला कळलं, त्याला नाण्याची प्रत ठरवता येते, बनावट माल ओळखता येतो आणि नाणं घासायला त्याचा हात धजावत नाही. हे शिकायला चांदीचा रुपया फार सोयीचा, कारण तो सहज हाताशी येतो आणि त्याचं वजन व धातू कायद्यानेच ठरवलेले होते.

एक तोळा, अकरा-बारांश चांदी

1835 पूर्वी या देशात एक रुपया नव्हता, अनेक होते. पेशवाईतला अंकुशी रुपया वेगळा, चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी वेगळा. या रुपयांवर नाव बहुधा दिल्लीच्या बादशहाचंच असे. कोणता रुपया कुठे कितीच्या भावाने चालेल, त्यावर बट्टा किती, हे सराफ ठरवत. चांदी आतपर्यंत खरी आहे ना, हे पाहण्यासाठी ते नाण्यावर लहानसा ठसा मारत. जुन्या रुपयांवर असे सराफी ठसे वरचेवर दिसतात. ते नाण्याच्या आयुष्याचा भाग असले, तरी चेहऱ्यावरची अक्षरं त्यांनी खाल्ली असतील तर किंमत उतरते.

1835 च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखासाठी एकसारखा रुपया ठरला. वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा, म्हणजेच 11.66 ग्रॅम. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी आणि एक भाग हिणकस धातू. शुद्ध चांदी मोजली तर सुमारे 10.69 ग्रॅम. चौथा विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज असे राजे बदलले, पण हे प्रमाण 1939 पर्यंत बदललं नाही. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर चांदीची ओढाताण झाली आणि 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. उरलेल्या निम्म्यात तांबं, निकेल आणि जस्त. 1947 मध्ये तीही चांदी गेली आणि निकेलचा रुपया आला.

म्हणून घरातला रुपया हाती आला की आधी त्यावरचं साल पाहावं. 1939 किंवा त्याआधीचा असेल तर तो जवळजवळ 92 टक्के चांदीचा. 1940 ते 1945 मधला असेल तर निम्म्या चांदीचा. फरक कडेवरही दिसतो. आधीच्या रुपयांची कड साध्या उभ्या रेघांची आहे. 1940 पासून त्या रेघांच्या मधोमध एक खाच फिरवलेली दिसते.

साल आणि दुर्मीळपणा

साल जुनं म्हणून नाणं दुर्मीळ असतंच असं नाही, याचा सर्वांत ठळक पुरावा व्हिक्टोरियाच्या रुपयांवरच आहे. 1840 साल असलेले रुपये फक्त 1840 मध्ये पाडले गेले नाहीत. तेच साल ठेवून ते पुढे वर्षानुवर्षं पाडले जात होते. 1862 मध्ये नवा ठसा आला आणि 1862 हे सालही असंच दहा-बारा वर्षं गोठून राहिलं. 1862 च्या रुपयांच्या मागच्या बाजूला नक्षीजवळ बारीक ठिपके असतात. त्यांची संख्या नाण्यानाण्यांत बदलते आणि संग्राहक भिंग लावून ते मोजत बसतात, कारण प्रत्यक्ष वर्षाचा माग त्यांतून लागतो. साधा 1862 चा रुपया वयाने दीडशे वर्षांपुढचा असला, तरी बाजारात ढिगाने मिळतो.

दुसरं उदाहरण 1918 चं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी हिंदुस्थानात चांदीच्या रुपयाची मागणी इतकी वाढली की टांकसाळीत चांदी पुरेना. कागदी नोटेवरचा लोकांचा विश्वास डळमळू नये म्हणून सरकारला चांदी हवी होती. अमेरिकेने त्या वर्षी पिटमन कायदा करून आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांना विकली गेली आणि हिंदुस्थानाकडे आली. मुंबई आणि कलकत्ता या दोन टांकसाळींनी मिळून 1918 सालचे 40 कोटींहून अधिक रुपये पाडले. आजही घरोघरी पाचव्या जॉर्जचा रुपया निघाला तर तो याच सुमाराचा असण्याची शक्यता मोठी. मुंबईचा की कलकत्त्याचा हे पाहायचं असेल तर मागच्या बाजूला अगदी खालच्या कमळाजवळ बघावं. तिथे बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा.

आता उलट बाजू. 1911 मध्ये पाचव्या जॉर्जचा पहिला रुपया निघाला. राजाच्या अंगरख्यावर सन्मानाच्या साखळीतला हत्ती कोरलेला होता, पण सोंड इतकी आखूड पडली की लोकांना तो डुकरासारखा दिसला. धार्मिक भावना दुखावल्याची ओरड झाली. पाडलेले बहुतेक रुपये सरकारने परत ओढून वितळवले आणि 1912 पासून सोंड नीट दिसेल असा नवा ठसा आणला. त्यामुळे 1911 चा रुपया शेजारच्या सालांपेक्षा पुष्कळ महाग. 1939 चा रुपया तर त्याहून विरळ. जुन्या प्रमाणाच्या चांदीचा तो अखेरचा रुपया, आणि लोकांच्या हाती फारच थोडा गेला. हा रुपया ब्रिटिश काळातल्या रुपयांमधला सर्वांत हवाहवासा आणि म्हणूनच सर्वांत जास्त बनावट होणारा.

या पाच सालांवरून हिशेब कळतो. दुर्मीळपणा म्हणजे किती पाडले हे नव्हे, आज किती उरले हे. आणि दुर्मीळपणालाही गिऱ्हाईक लागतं. एखाद्या छोट्या संस्थानाचं तांब्याचं नाणं मोजकंच उरलेलं असेल, पण ते हवं असणारे पाच-दहाच लोक असतील तर त्याला फारसा भाव येत नाही.

प्रत कशी ठरते

एकाच सालाचे, एकाच टांकसाळीचे दोन रुपये शेजारी ठेवले, तरी एकाची किंमत दुसऱ्याच्या कितीतरी पट असू शकते. हा फरक प्रतीचा.

यंत्राच्या दाबाखाली चांदीची चकती दोन ठशांमध्ये चेपली जाते, तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो. त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा नाण्यावर मध्यापासून कडेपर्यंत उमटतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण दिव्याखाली नाणं तिरपं करून हळू फिरवलं की प्रकाशाचे दोन पट्टे आऱ्यांसारखे नाण्यावरून फिरतात. ही टांकसाळीची मूळ झळाळी. पॉलिशची चमक फिरत नाही. ती सगळीकडून सारखी, आरशासारखी येते. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की घासलेलं नाणं लांबूनही ओळखू येतं.

झीज सर्वांत आधी उंच भागांवर दिसते. व्हिक्टोरियाच्या रुपयावर मुकुट, कानाजवळचे केस आणि गाल तपासावेत. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुकुटावरची नक्षी, कान आणि अंगरख्यावरचा हत्ती. या जागा सपाट, करड्या झाल्या असतील तर नाणं वापरात होतं. बारकावे पूर्ण आहेत, उंच भागांवरही झळाळी फिरते आहे, तर ते अनसर्क्युलेटेड, म्हणजे व्यवहारात न फिरलेलं. या दोन टोकांच्या मध्ये एक्स्ट्रीमली फाइन, व्हेरी फाइन, फाइन अशा पायऱ्या आहेत. काही वेळा ठसाच झिजलेला असतो किंवा दाब कमी पडलेला असतो. अशा नाण्याचा भाग पुसट दिसतो, पण त्या पुसट भागावर झळाळी शिल्लक असते. खऱ्या झिजेत झळाळी आधी जाते. ही खूण नवख्याला ठाऊक नसते आणि तो चांगलं नाणं झिजलेलं समजून स्वस्तात देऊन बसतो.

आज मोठ्या लिलावांत 1 ते 70 ही मोजपट्टी वापरतात. ती विल्यम शेल्डन या अमेरिकी संग्राहकाने 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. 70 क्रमांकाचं नाणं 1 क्रमांकाच्या सत्तरपट किमतीचं, असा तिचा मूळ हिशेब होता. बाजार बदलला, तो हिशेब मागे पडला, पण आकडे राहिले. 1980 च्या दशकात अमेरिकेत पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या निघाल्या. त्या नाणं तपासून, प्रत ठरवून ते प्लास्टिकच्या बंद डबीत देतात. संग्राहक तिला स्लॅब म्हणतात. भारतीय नाणीही आता मोठ्या संख्येने स्लॅबमध्ये दिसतात. नाणं घासलेलं असेल, त्यावरचं काही कोरून बदललेलं असेल, किंवा दागिन्यासाठी कडी जोडून काढलेली असेल, तर स्लॅबवर आकड्याऐवजी तसा शेरा येतो आणि भाव कोसळतो.

कडीचा मुद्दा महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा. आपल्याकडे नाणी माळेत ओवण्याची चाल जुनी. पुतळीची माळ व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाटवरून आली. रुपये, मोहरादेखील गळ्यात घातल्या गेल्या. डाग देऊन बसवलेली कडी काढली तरी कडेवर डागाचा उंचवटा किंवा घासल्याची जागा राहते. नाणं पाहताना चेहऱ्याइतकीच कड फिरवून पाहावी. विशेषतः राजाच्या डोक्यावर, वरच्या बाजूला.

खरं आणि खोटं

रुपयाचं वजन कायद्याने ठरलेलं असल्यामुळे पहिली परीक्षा तराजूची. सराफी काटा हवा, दोन दशांश स्थळं दाखवणारा. न वापरलेला रुपया 11.66 ग्रॅमच्या अगदी जवळ भरतो. वापरलेला काही दशांश ग्रॅम कमी. चेहऱ्यावर झीज नाही आणि वजन मात्र अर्धा ग्रॅम कमी, असं झालं तर सावध व्हावं.

दुसरी परीक्षा घनतेची, आणि ती घरी होते. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. रुपया बारीक दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला तो लागता कामा नये. काट्यावर आता रुपयाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन दिसेल. 92 टक्के चांदीच्या 11.66 ग्रॅमच्या रुपयाला ते सुमारे 1.13 ग्रॅम येतं. वर चांदीचा मुलामा आणि आत तांबं किंवा तांबं-निकेल असेल तर 1.3 च्या आसपास. पाणी डिस्टिल्ड घ्यावं आणि नंतर नाणं न घासता मऊ कापडावर टिपून कोरडं करावं.

लोहचुंबक फक्त लोखंडी नक्कल पकडतो. आवाजाची परीक्षा जुनी आहे. बोटाच्या टोकावर तोलून लाकडी पेन्सिलीने हलकेच टोकलं तर चांदीचा रुपया लांबट, स्वच्छ नाद देतो आणि शिसं-कथलाचा बद्द वाजतो. पण फरशीवर टाकून आवाज ऐकायची सवय वाईट, कारण कडेला पोचा पडला की तो कायमचा. शिवाय हल्लीचे काही बनावट रुपये खऱ्या चांदीत ठसा मारूनच काढलेले असतात. ते वजनात बसतात आणि खणखण वाजतातही. तिथे पुन्हा भिंग आणि पृष्ठभागच कामी येतात. साच्यात ओतलेल्या नाण्यावर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा गोलसर असतात आणि किनारीवर जोडाची रेघ किंवा ती घासल्याची खूण सापडते. ठशाने मारलेल्या नाण्याच्या अक्षरांना उभ्या, धारदार कडा असतात.

1939 च्या रुपयाचं सोंग बहुधा 1938 च्या रुपयावरून घेतात. 8 चा आकडा कोरून 9 केला की झालं. म्हणून दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन शेवटच्या आकड्याभोवतीची जागा पाहावी. तिथली झळाळी खंडित आहे का? ओरखडे आहेत का? आकड्याची उंची आणि जाडी शेजारच्या 3 शी जुळते का? खात्रीच्या 1939 च्या छायाचित्राशी आकड्याचं वळण ताडून पाहावं. एवढ्यानेही शंका राहिली तर ते नाणं तज्ज्ञाच्या तपासणीशिवाय घेऊ नये.

काही नाणी तर तपासायचीही गरज नसते. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, 1616, 1717 किंवा 1818 हे साल, ‘हाफ आना’ हे मूल्य आणि मागे राम-सीता किंवा हनुमान, अशी तांब्या-पितळेची नाणी जत्रेत आणि मोबाइलवर लाखांच्या गोष्टींसह फिरतात. कंपनीने अशी नाणी कधी काढलीच नाहीत. तिचा एकसारखा अर्धा आणा 1835 मधला, आणि त्यावर देव नाहीत.

शिवराईच्या बाबतीत बनवाबनवी जास्त बारकाईची असते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असं देवनागरीत कोरलेलं हे तांब्याचं नाणं शिवछत्रपतींच्या राज्यापासून पुढे पेशवाई ओलांडूनही चलनात राहिलं. इतक्या काळात ठसे कोरणारे हात बदलले, अक्षरांचं वळण बदललं, ऱ्हस्व-दीर्घ बदललं, आणि दोन रेघांची दुदांडी शिवराई आली. म्हणजे शुद्धलेखनातला फरक हा खोटेपणाचा पुरावा होत नाही. पुरावा धातूत असतो. हाताने ठोकलेल्या चकतीच्या कडेला ताणाच्या भेगा असतात, आणि ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने अक्षरं अनेकदा कडेबाहेर गेलेली असतात. दोन शिवराया ओरखड्या-पोच्यांसह हुबेहूब सारख्या दिसल्या, तर त्या एकाच साच्यातल्या समजाव्यात.

उजळू नये

दिवाळीच्या आधी सराफाकडे नाणी नेली की तो आपुलकीने विचारतो, “मावशी, उजळून देऊ का?” उत्तर नाही असंच असलं पाहिजे. चिंच, लिंबू, रांगोळी, राख, दातांची पेस्ट, भांड्यांची पावडर, पॉलिशचं कापड, यांपैकी प्रत्येक गोष्ट चांदीचा वरचा थर काढते. खरखरीत वस्तू त्यावर केसासारखे ओरखडे पाडते. आम्ल त्या सूक्ष्म प्रवाहरेषाच विरघळवतं. दुकानात मिळणाऱ्या चांदीच्या द्रावणात बुडवलं तर काळेपणा क्षणात जातो, पण काळा पडलेला थर म्हणजे चांदीच असते. तो निघताना चांदी घेऊन निघतो, आणि नाणं पांढरं पण मेल्यासारखं निस्तेज होतं. झीज झालेल्या जुन्या नाण्यालाही संग्राहक पैसे देतात. घासलेल्या नाण्याला बहुधा ते चांदीच्याच भावाने मोजतात.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. थर पातळ असताना प्रकाशाच्या खेळाने तो सोनेरी, मग जांभळट, निळा दिसतो, आणि जाड झाला की काळा. सावकाश, समान चढलेली ही छटा आतल्या चांदीला धोका नसते. उलट नाणं घासलेलं नाही याची ती साक्ष असते. सुंदर छटेच्या रुपयाला लिलावात वरचढ भावही येतो. तांब्याच्या नाण्यावरचा घट्ट, गुळगुळीत तपकिरी किंवा हिरवा थरही तसाच ठेवावा.

मग काढायचं काय? मोकळी धूळ, तेलकटपणा आणि जुन्या प्लास्टिकचा चिकटा. धूळ असेल तर नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवून, न चोळता बाहेर काढून टिपावं. तेल आणि प्लास्टिकचा चिकटा शुद्ध अॅसिटोनने सुटतो, कारण अॅसिटोन चांदी-तांब्याशी काही करत नाही. ते काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून आणि आगीपासून लांब वापरावं. सुगंधी नेलपॉलिश रिमूव्हर नको. त्यात इतर द्रव्यं असतात.

तांब्या-काशाच्या नाण्यावर एक रोग मात्र तातडीचा आहे. फिकट हिरवी, खडूसारखी भुकटी दिसली आणि टोचल्यावर ती गळली, तर आत क्लोराइड काम करत आहेत. ओलावा मिळाला की त्यांतून आम्ल तयार होतं, ते धातू खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड, असं चक्र नाण्याला आरपार भोक पडेपर्यंत चालतं. समुद्राकाठच्या खारट हवेत आणि जमिनीतून निघालेल्या नाण्यांत हे जास्त. असं नाणं ताबडतोब इतरांपासून वेगळं करून अगदी कोरड्या डबीत ठेवावं आणि संवर्धनतज्ज्ञाला दाखवावं.

पूजेचा प्रश्न उरतो. हळद-कुंकू आणि पंचामृत नाण्याला डागतात. दही आम्ल असतं. त्यावर साधा मार्ग असा: घरातला सर्वांत झिजलेला, सर्वसामान्य सालाचा एक रुपया पूजेचा म्हणून कायमचा नेमावा. देवीला साल लागत नाही. बाकीचे रुपये कप्प्यातच राहू द्यावेत.

पावसाळ्यातली साठवण

नाणं हाताळताना अंगठा आणि तर्जनीने फक्त कड धरावी. खाली मऊ रुमाल पसरलेला असावा, म्हणजे निसटलं तरी पोचा पडणार नाही. बोटांच्या घामात मीठ असतं. न वापरलेल्या नाण्यावर पडलेला ठसा काही महिन्यांनी तपकिरी होऊन दिसू लागतो आणि मग जात नाही. नाण्यावर वाकून बोलूही नये. थुंकीचे बारीक थेंब पडतात.

नाणी ठेवण्यासाठी बाजारात मऊ, लवचीक प्लास्टिकच्या पाकिटांचे अल्बम मिळतात. त्यातले पुष्कळ पीव्हीसीचे असतात. वर्षानुवर्षं उष्णतेत हे प्लास्टिक विघटित होतं आणि नाण्यावर हिरवट, चिकट थर सोडतं. त्याऐवजी मायलरची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर किंवा कडक, पारदर्शक डब्या घ्याव्यात. होल्डरला पिना मारल्या तर त्या नीट चपट्या कराव्यात, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे उठतात. रबरबँड, वर्तमानपत्राचा कागद आणि लोकरीचं कापड चांदीजवळ नको. या वस्तूंतूनही गंधक मिळतं.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये खरा शत्रू दमटपणा. घट्ट झाकणाच्या डब्यात नाण्यांसोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. रंग बदलणारं जेल घेतलं तर ते कधी भरलं हे कळतं, आणि ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं. डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये. पावसाळ्यात तो शक्यतो उघडू नये. थंडीत, कोरड्या दिवशी सगळी नाणी एकदा तपासून काढावीत.

भाव

सर्वसामान्य सालाच्या रुपयाला खालची किंमत चांदीची. 1939 पर्यंतच्या रुपयात 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी धरून त्या दिवशीच्या भावाने गुणलं की तळ कळतो. सराफ त्यातून आपली घट वजा करेल. वरची किंमत मात्र साल, टांकसाळ आणि प्रत ठरवते. त्यासाठी मागितलेला भाव न बघता मिळालेला भाव बघावा. संकेतस्थळावर कुणीही रुपयाला दहा लाख मागू शकतो. लिलावात प्रत्यक्ष कितीला हातोडा पडला, त्याच सालाच्या आणि त्याच प्रतीच्या नाण्याला पडला का, हे महत्त्वाचं.

2012 मध्ये निघालेली वैष्णोदेवीचं चित्र असलेली पाच आणि दहा रुपयांची नाणी लाखोंना विकली जातात, अशा अफवा वारंवार येतात. ती भरपूर निघाली होती आणि संग्राहकांत त्यांना दर्शनी मूल्यापेक्षा थोडीच जास्त किंमत आहे. या अफवांच्या मागे बहुधा नोंदणी फी किंवा कर उकळणारे असतात. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर केलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत तिचा काही संबंध नाही, आणि तिने कुणालाही त्यासाठी पैसे घ्यायला नेमलेलं नाही. नाणं विकत घेणारा आधी पैसे मागत असेल तर तिथेच थांबावं.

खरी नाणी पाहून डोळा तयार करायचा असेल तर मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मुद्रा संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरी इथली नाणकशास्त्र संशोधन संस्था या दोन जागा आहेत.

जमिनीतून निघालेलं नाणं

1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. 13,000 हून अधिक नाणी, सगळी क्षत्रप राजा नहपानाची. त्यातल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा आणि त्याच्या अंगावर सातवाहनांची चिन्हं, असं एकाच नाण्यावर दिसतं. सातवाहनांनी क्षत्रपांकडून हा प्रदेश जिंकून घेतल्याचा याहून बोलका पुरावा नाही. हे दोन्ही ठसे वाचता आले, कारण खालचा पृष्ठभाग पूर्ण पुसला गेला नव्हता. आणि प्रमाण कळलं, कारण साठा फुटण्याआधी मोजला गेला.

म्हणूनच कायदा कडक आहे. 1878 च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर त्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला देणं बंधनकारक आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची नाणीही पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी राहणाऱ्या मुलाला पणजोबांचा 1862 चा रुपया आठवण म्हणून पाठवण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं.

साठा फुटण्याआधी नोंद करण्याचा नियम घरातल्या नाण्यांनाही लागू करण्यासारखा आहे. प्रत्येक नाण्याची नोंद ठेवावी: साल, टांकसाळ, वजन, दोन्ही बाजूंचं छायाचित्र, कुणाकडून आलं, कधी घेतलं, किती देऊन घेतलं. चार ओळी पुरतात. हे रुपये पुढे ज्याच्या हाती जातील त्याला त्यातला एकही रुपया कदाचित ओळखता येणार नाही. नोंद असेल तर तो निदान चांदीच्या भावाने मोडीत देण्यापूर्वी एकदा थांबेल आणि साल बघेल.